मदाऱ्यापुढची पोट्टी

नागपूर, २० ऑक्टोबर २००१

चि. सौ. शारदास अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी गेल्यावरची ही पहिली दिवाळी. मले सणबिण काही होत नाही, तेव्हा भाऊबिजेला वाट पाहू नको. अंजनाबाई स्वयंपाक करून जाते. उगाच काळजी करून बीपी वाढवू नको.

एक काम कर. बाबांना बस्तरच्या रेल्वेलाईनवर जपानी साहेबानं दिलेलं ते गुंडाळीचं चित्र तुझ्या चिरागसोबत पाठव. माकडवाल्या मदाऱ्याभोवतीची पोरं आपण लहानपणी वाटून घेतली होती, हा मी, ती तू अशी. शेवंता लग्न होऊन आली तशी तिनं हात पुढे केलेली पोट्टी घेतली. दर भाऊबिजेला तुझ्याकडे आली की चपला काढायच्या आधी त्या चित्रापुढे. तिचा धड फोटो नाही घरात. ती पोट्टी तरी समोर असावी.

तुझा दादा,
नरहरी

रायपूर, ३० ऑक्टोबर २००१

ती. दादास शारदाचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं, पण चित्र आता पहिल्यासारखं राहिलं नाही रे. दसऱ्याला सूनबाईनं, मीनलनं, शिलाई मशीन, चिरागची स्कूटर, सगळ्याला हळदकुंकू लावलं. ही पोट्टी म्हणजे तुझी मामेसासू, असं मीच तिला कौतुकानं सांगितलं होतं. तिनं चित्रातल्या त्या पोट्टीच्या कपाळावरही ठसठशीत कुंकू लावलं. जुना कागद तो, ओलं कुंकू पार आत मुरलं.

शंकर नगरचा फ्रेमवाला म्हणतो, खरवडून नवा रंग भरतो. तू म्हणशील तसं करू. मीनल दोन दिवस रडून राहिली. मामाजी आता आपलं तोंड पाहणार नाहीत, असं हिंदीत घोकत बसते. तिच्यावर रागावू नको रे, मले बोल.

तुझ्या मायेची,
शारदा

नागपूर, ६ नोव्हेंबर २००१

चि. शारदास आशीर्वाद.

खोटं काहून बोलू, राग आला. जेवलोही नाही.

मग आठवलं. शेवंता गेली त्या दिवशी, सवाष्ण गेली म्हणून, बायका तिचा मळवट भरायला आल्या. मले पाहवलं नाही, मी अंगणात जाऊन उभा राहिलो. आत ये म्हणून तू दोनदा बोलावलं, मी आलो नाही. कुंकू लावलेलं तिचं शेवटचं तोंड मी पाहिलंच नाही, शारदा.

फ्रेमवाल्याला हात लावू देऊ नको. चित्र पाठवूही नको, भाऊबिजेला मीच येतो. मीनलला सांग, मामा रागावला नाही. तिच्या हातून माझ्या बायकोला कुंकू लागलं, ते मले डोळे भरून पाहायचं आहे.

माया आहे तशीच असू दे.

तुझा,
दादा