होडीखालची बाळंतीण

प्रिय मार्था,

रसेल आणि बॉनीच्या घरगाडीतून आम्ही पुंता अल्मेहाला सुखरूप पोचलो. वाटेत एक टायर फुटला, पण तू काळजी करू नकोस. गाडी आता अगदी समुद्राला लागून उभी आहे.

आज सकाळी इथली कोळीण चायो आम्हाला होडीतून खाडीत घेऊन गेली. मला पोहता येत नाही, तरी रसेलनं मलाच पुढे बसवलं. चायोनं इंजिन बंद केलं आणि घरगाडीपेक्षा लांब असा देवमासा थेट आमच्या होडीखाली आला. मी ओरडलो, "चला परत!"

"गप बसा हो आजोबा," चायो हसली. "बाळंतीण आहे ती. लेकरू दाखवायला आलीय."

आणि खरंच, त्या आईनं पिल्लू पाठीवर उचलून माझ्यासमोर आणलं. मी हात लावला. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत लागलं. शेपटीच्या एका फटक्यात तिनं आम्हाला बुडवलं असतं. पण ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मार्था, मी रडलो. रसेलसुद्धा.

तुझी कंबर कशी आहे? नुसतं "बरी आहे" लिहू नकोस. जिना चढता येतो का, ते लिही. मला निरोप देताना तू हसत होतीस, पण गाडी वळेपर्यंत खिडकीतून हलली नाहीस, ते मी पाहिलं.

पुढच्या हिवाळ्यात होडीतली पुढची जागा तुझी. मी मागून तुला घट्ट धरून बसेन.

तुझ्याविना अर्धाच असलेला,
एल्मर