सायकलसाठी

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सायकल घ्यायची ठरवली. साधी नाही, रोडवर पळवायची – बारीक टायरची, वाकड्या हँडलची. गौतमीला सांगितलं तर तिचं लाटणं पोळीवर तसंच थांबलं. "दुनियेत दुसरं काय सुचलं न्हाई तुम्हाला? सायकलच?"

नाही सुचलं. खरंच नाही.

१३ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. डोक्यात फिरायचं तरी थांबेल.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. भरलेली मालगाडी घेऊन दौंडकडे येत होतो. कडेठाणच्या जवळ एक म्हातारा सायकल घेऊन रूळ ओलांडत होता. इकडे सगळेच ओलांडतात. शाळेत असताना मीही ओलांडलेत. फाटकापर्यंत वळसा कोण घालतो! भोंगा धरला, ब्रेक टाकला. म्हाताऱ्याने वर पाहिलं. सायकल रुळात अडकली होती, ती सोडून तो टुणकन बाहेर गेला. सुटला! असिस्टंट "हुश्श" म्हणाल्याचं मला ऐकू आलं.

आणि तो परत आला. हँडलशी वाकला आणि काहीतरी ओढत राहिला. मालगाडी काय ब्रेक टाकल्याबरोबर थांबते होय? शेवटी मी डोळे मिटले.

जबाबात मी सांगितलं – सायकल काढायला परत आला.

बाहेर होतास ना बाबा तू. परत कशाला आलास?

१६ नोव्हेंबर

साहेबांनी बोलावलं होतं. चांगला माणूस आहे, आवाज चढवला नाही. "अजून थोडे दिवस घरी राहा. मग ठरव. इंजिनावर येतोस, का लॉबीत बसून दुसऱ्यांच्या ड्युट्या लावतोस. कुणी काही म्हणणार नाही."

कुणी नाही म्हणणार. मीच म्हणेन. वडील गँगमन होते, उन्हातान्हात रूळ ठोकत हिंडले. मी इंजिनावर चढलो त्या दिवशी सगळ्या वस्तीला पेढे वाटले त्यांनी. खुर्चीत बसून रजिस्टर भरणारा धम्मदीप कोण, ते मला माहीत नाही.

अपघातानंतर रेल्वेने ज्यांच्याकडे पाठवलं त्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, मोकळ्यावर जा, स्वतःच्या मजेसाठी काहीतरी करा. मजेसाठी!

१७ नोव्हेंबर, रविवार

हनुमंतला गाठलं. बँकेत आहे, दर रविवारी त्याची चार-पाच जणांची टोळी सायकलवर वरवंडला जाते, मिसळ खाते आणि परत येते. चळलेली माणसं, पण बरी.

"शौकापुरती चालवायची ना? मग कार्बनच्या नादाला लागू नगं. अ‍ॅल्युमिनियमची घे. माप बरोबर बघ. चढाला हलका गिअर हाय का बघ. बाकी निस्ता दिखावा."

मी म्हणालो, वजन? तो हसला. "लय महागाची घेऊ नगं बाबा, न्हाईतर तूबी रुळावर परत जाशील, त्या म्हाताऱ्यावानी!"

बोलल्यावर त्याचा चेहरा पडला. पण त्याच्या आधी मी हसलो होतो. लाज वाटते लिहायला. सगळ्या दौंडात हा विनोद झालाय म्हणे – सायकलसाठी मेला.

१९ नोव्हेंबर

दौंडातली दुकानं पाहिली. जाड टायरच्या, भडक रंगाच्या, पोरांना वाढदिवसाला द्यायच्या. एक दुकानदार म्हणाला, "रोड बाईक? हितल्या रोडवर?" त्याचंही चूक नाही.

२१ नोव्हेंबर

पुण्याला गेलो. गाडीत खिडकीपाशी बसवलं नाही, दाराकडे पाठ करून उभा राहिलो.

दुकान मोठं. सायकली भिंतीला टांगलेल्या, कपड्यासारख्या. मी वजन विचारत सुटलो. तो मुलगा म्हणाला, "एका किलोनं तुम्हाला काही फरक पडणार नाही, काका. रेस लावायचीये का?"

"नाही. रुळावरून उचलता आली पाहिजे."

तो दुसरी सायकल काढायला वळला. पुण्याच्या पोराला काय कळणार!

एक मोठ्या मापाची स्वस्तात देत होते. बसून पाहिलं तर हात ताणले गेले, मानेला रग लागली. त्यानेच सांगितलं, "स्वस्त आहे म्हणून मापाबाहेरची घेऊ नका, महिनाभरात कोपऱ्यात पडेल." प्रामाणिक वाटला. मग ब्रेक. चाकाची कड धरणारा साधा ब्रेक मजेपुरता पुरतो म्हणाला. डिस्क ब्रेकवाल्या माझ्या आवाक्याबाहेर. तरी एक डिस्कवाली दुकानासमोरच्या गल्लीत चालवून पाहिली. जरा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. दोन बोटांनी.

थांबली. जागच्या जागी!

तिथेच रडू आलं. भर गल्लीत, हेल्मेट घालून.

२४ नोव्हेंबर

आज दिवसभर भोंगे. दौंडात राहायचं आणि भोंगा ऐकायचा नाही म्हणजे कसं जमायचं.

२८ नोव्हेंबर

घेतली! शिरूरला, जुनी. रुद्र नावाचा मुलगा आहे, रांजणगावच्या कंपनीत होता, आता बदली होऊन चेन्नईला चाललाय. अ‍ॅल्युमिनियमची, डिस्कची, माझ्या मापाची. टायर जरा रुंद आहेत, ते बरंच – उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्यांची चाळण केलीये. हनुमंतने शिकवल्याप्रमाणे चाक उचलून फिरवलं, डुलतं का पाहिलं. फ्रेमच्या जोडांवरून बोट फिरवलं, तडा नाही. न्हावऱ्याच्या रस्त्याला लांबवर चालवून आलो. वारा तोंडावर, डोक्यात काही नाही. कितीतरी दिवसांनी काही नाही.

रुद्र सीटवरून हात फिरवत होता. मी विचारलं, "जीव लावलास हिला?"

"लावला की. पण वस्तूच हाय ना काका शेवटी. द्यायची म्हणल्यावर द्यायची."

वस्तूच आहे. मग?

१ डिसेंबर, रविवार

टोळीबरोबर वरवंडपर्यंत गेलो. मांड्या भरून आल्या. येताना "तुम्ही व्हा पुढं" म्हणालो आणि एकटाच रुळाकडे वळलो.

ती जागा ओळखू येते. खडी नवीन टाकलीये.

रुळापासून लांब, पायवाटेवर सायकल धरून उभा होतो. भोंगा आला. विचारसुद्धा केला नाही – सायकल सोडली आणि चार पावलं मागे सरलो. नुकती घेतलेली सायकल धाडकन बाभळीत! हँडलची टेप फाटली.

मला तर झटक्यात टाकता आली. तुला का नाही आली, म्हाताऱ्या? एका गंजक्या सायकलपायी माझ्या हातून मेलास तू. तू सुटलास, मी अडकलो. मूर्ख, मूर्ख माणूस!

मोठ्याने बोललो हे सगळं. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

४ डिसेंबर

अर्ज लिहिला. लॉबीतलं काम द्या म्हणून. रागातच लिहिला.

गौतमीने वाचला. घडी घालून परत दिला. "द्या. माझं काय म्हणणं न्हाई. पण एकदा त्यांच्या घरी जाऊन या. रोज हितं बसून त्या माणसाशी भांडताय, त्याचं नावबी ठाऊक न्हाई तुम्हाला."

मी म्हणालो, कोणत्या तोंडाने जाऊ? म्हणाली, "हाय त्याच."

७ डिसेंबर

नाव रखमाजी. हनुमंतने काढलं शोधून. वरवंडच्या पलीकडे वस्ती. धनगर, आता शेती करतात.

८ डिसेंबर, रविवार

जाऊन आलो. बयाबाई, रखमाजींची बायको, दारातच बसल्या होत्या. सांगितलं, इंजिनावर मी होतो. "बसा," म्हणाल्या. पाणी दिलं. "तुमी भोंगा वाजवत हुता. हितवर ऐकला आमी."

विचारलं – मावशी, सायकलसाठी परत का आले ते?

"सायकलसाठी? कुनी सांगितलं? मेंढी रानात याली हुती. कोकरू पिशवीत घालून हँडलाला बांधून घरी आनत हुते. पिशवी रुळाच्या पल्याड गावली, फेकल्याली. कोकरू जित्तं."

गोठ्यातून आणून दाखवलं त्यांनी. चांगलं धडधाकट झालंय.

कुणी सांगितलं तेही सांगितलं – मीच, जबाबात. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मंग आता खरं सांगा लोकास्नी."

उद्या जबाब बदलायला जातो. लॉबीचा अर्ज घरीच ठेवून.