बाटलीच्या बुडाला

मिस्टर हार्टवेल,

आधी 'आदरणीय' लिहिलं होतं, ते खोडलंय.

काल कोर्टात मला बोलायला तीन मिनिटं मिळाली, तेव्हा तुम्ही व्हिडिओच्या पडद्यावर होतात. तुमच्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनानं माझा मुलगा ड्वेन पंचविसाव्या वर्षी गेला, एवढंच मी सांगितलं. एक गोष्ट गिळली. "कूपनचं बोलू नका, ओनेडाबाई," माझा वकील म्हणाला होता, "कंपनीचे वकील सगळं तुमच्यावरच ढकलतील."

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचे. तुमचा विक्रेता पहिल्या महिन्याच्या फुकट गोळ्यांची कूपनं आणायचा. "सवय लागत नाही, मॅडम, कंपनीची हमी आहे!" खाणीत ड्वेनची पाठ दुखावली, तेव्हा त्याच्या चिठ्ठीला कूपन मीच टाचलं. फुकट मिळतंय म्हणून खूशही झाले.

तुम्ही काल म्हणालात, "लोकांना त्रास झाला, याचं कंपनीला दुःख आहे." कंपनीला! अहो, कंपनी कधी रडते का?

आमच्या डोंगरात मयताच्या घरी शेजारी जेवण पाठवतात, तेव्हा भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची पट्टी चिकटवतात, म्हणजे परत करताना कुणाचं कुठलं ते कळतं. ड्वेन गेला तेव्हा माझ्या ओट्यावर एकोणीस भांडी होती, सगळ्यांवर नावं. त्याच्या गोळ्यांच्या बाटलीवर त्याचं नाव होतं, डॉक्टरांचं होतं. तुमचं नव्हतं.

हे पत्र वकील पाठवू देणार नाही. पण ती बाटली माझ्याकडे आहे. आज तिच्या बुडाला पट्टी चिकटवून मी माझं नाव लिहिलं. खाली तुमच्या नावापुरती जागा कोरी ठेवली आहे.

ओनेडा स्टॅम्पर,
ड्वेनची आई