आत दिसत नाही तिथलं काम

आई, इकडे परदेशात, शॉमबर्गच्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथे माझा लेथ आहे. तू गेलीस तेव्हा मी भाड्याच्या एका खोलीत राहत होतो. हे घर, हा लेथ, माझी सोळा वर्षांची मुलगी, यातलं तुला काहीच माहीत नाही. लेथ म्हणजे लाकूड गरगर फिरवणारं यंत्र. फिरत्या लाकडाला हत्यार लावायचं आणि वाटी, वाडगा, जे हवं ते त्यातून काढायचं. दिवसभर ऑफिसात आकड्यांशी झटापट करणाऱ्या माणसाला संध्याकाळी हाताला लागेल असं काही काम हवं, म्हणून हा नाद लावून घेतला. तुझी सून म्हणते, घरात आता माणसांपेक्षा वाडगे जास्त झालेत. ते खरंच आहे. इथल्या मराठी घरांमध्ये बारसं असो की वास्तुशांत, आमच्याकडून वाडगाच जातो. लोक बिचारे आता पुडकं उघडायच्या आधीच "वा, सुंदर!" म्हणून मोकळे होतात.

आता मला पोकळ भांडं करायचं आहे. बाहेरून तांब्यासारखं, तोंड इतकं अरुंद की जेमतेम दोन बोटं जातील, आणि आतून भिंत सगळीकडे सारखी पातळ. त्याला वेगळं हत्यार लागतं आणि कुठलं घ्यावं यावर महिनाभर डोकं खाजवतो आहे. पण तुला लिहायला बसलो ते नुसतं हत्यारासाठी नाही. मला काचबिंदू झालाय. तुझाच. दागिने तू सुनेसाठी ठेवलेस आणि मला हे ठेवलंस. रागावू नकोस, थट्टा केल्याशिवाय मला अजून हे बोलता येत नाही.

कळलं ते लेथमुळेच. लाकूड पकडून ठेवणारा लोखंडी जबडा फिरत असतो, त्याच्यावर माझ्या डाव्या हाताची बोटं दोनदा आपटली. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं, कडेचा जबडा मात्र दिसलाच नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरने एका पांढऱ्याशुभ्र घुमटात माझं तोंड घालून बसवलं. आत इकडेतिकडे बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ मी बटण न दाबता बसलो होतो आणि मला वाटत होतं, यंत्र अजून सुरूच झालं नाही. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेलं पुष्कळ वर्षं टिकू शकेल. तुझ्या वेळी आपल्याला कळलं तेव्हा टिकवण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. मग तो म्हणाला, हे घराण्यात उतरतं, मुलीचे डोळे लवकर तपासून घ्या. मी मान डोलावली आणि घरी येऊन सांगितलं की चष्म्याचा नंबर बदललाय. थेंबांची बाटली गॅरेजमध्ये पॉलिशच्या डब्यामागे ठेवली आहे. हा शहाणपणा मी कुठून शिकलो कोण जाणे, तू तर सगळ्या आळीला सांगत सुटली होतीस.

गेल्या शनिवारी आमच्या लेथवाल्यांच्या क्लबमधल्या एका म्हाताऱ्याने हत्यारं हाताळून बघायला घरी बोलावलं. मुलीला नुकतंच लायसन्स मिळालंय, तिला गाडी चालवायला निमित्तच हवं असतं, म्हणून तीच घेऊन गेली. मीही नको म्हटलं नाही. पहिलं हत्यार म्हणजे नुसती लांब सळई, टोकाला वाकडं पातं, मूठ काखेत दाबून धरायची. कॅटलॉगमध्ये सगळे बहाद्दर हेच धरून उभे असतात. मीही तसाच उभा राहिलो आणि पातं आत कुठेतरी अडकलं. असा हिसका बसला की मनगटापासून खांद्यापर्यंत सगळं हादरलं. दुसरं पट्ट्याने हाताला बांधायचं असतं, त्यामुळे झटका मनगटाऐवजी कोपरापर्यंतच्या हाताला बसतो. बसतो मात्र. तिसरं कॅटलॉगमध्ये नाहीच, म्हाताऱ्याने ते स्वतः वेल्डिंग करून बनवलंय. सळईचं मागचं टोक दोन आडव्या दांड्यांच्या फटीत अडकवलेलं असतं. पुढेमागे, डावी-उजवीकडे हवं तसं फिरवा, पण ती पिळवटून उलटी होऊच शकत नाही. मला ते बघूनच अपमान झाल्यासारखं वाटलं. चालायला शिकणाऱ्या पोराला पांगुळगाडा द्यावा तसं. मी म्हटलं, पहिलंच घेईन म्हणतो, सवय होईल.

म्हाताऱ्याने स्वतः तिसरं लावलं, लेथ सुरू केला आणि चक्क डोळे मिटून घेतले. माझी मुलगी घाबरून म्हणाली, "आर यू ओके?" तो हसला. "इनसाइड देअर एव्हरीबडी इज ब्लाइंड, हनी." आत कुणालाच दिसत नाही, मग डोळे उघडे ठेवून उपयोग काय, ते उगाच मध्ये लुडबुड करतात, असं त्याचं म्हणणं. मग त्याने मला उभं केलं. मीही डोळे मिटले. आई, तुला काय सांगू! भिंत जाड असते तेव्हा आवाज दबका, घसा बसल्यासारखा येतो. पातळ होत जाते तसा तो चढतो, मोकळा होतो. सळई फटीत होती तरी सगळं मला ऐकू येत होतं, हाताला कळत होतं. फक्त हिसक्याची धास्ती नव्हती. लेथ बंद करून भुसा काढायचा, जाडी मोजायची आणि पुन्हा डोळे मिटायचे. किती वेळ गेला कळलंच नाही. मुलगी शेवटी म्हणाली, "बाबा, गेट दिस वन. इट्स नॉट चीटिंग." मी म्हटलं, विचार करतो.

परत येताना ती गाडी चालवत होती, मी बाजूला बसलो होतो, आणि अमरावतीचं आपलं स्वयंपाकघर समोर येऊन उभं राहिलं. मी कॉलेजातून दिवाळीला आलोय. तू शेगडीपाशी पाट टाकून बसली आहेस. शेगडीच्या तिन्ही बाजूंना विटा रचल्यात आणि कढईचे कान त्या विटांमध्ये घट्ट बसवलेत. तुला तेव्हा उजेड-अंधार एवढंच कळतं. तू करंजी सोडतेस, मान किंचित कलती करून तेलाकडे कान देतेस, तडतड बसत आली की झारा घालून बरोबर उचलतेस. मला ते बघवत नाही. मी म्हणतो, "आई, हे विटांचं काय मांडलंयस? ऊठ तू. फराळ बाहेरून आणू यंदा." तू झारा माझ्यावर रोखतेस, मी उभा असतो त्याच्या जरा डावीकडे. "डोळे गेलेत माझे, हात नाही गेले. कढई हलली तर भाजेन, म्हणून विटा. बाकी तर मीच करतेय ना? लाज वाटत असेल तर बाहेर जाऊन बस." मी बाहेर गेलो नाही. तिथेच बसून गरम करंजी खाल्ली आणि तोंड भाजून घेतलं.

इतकी वर्षं मला त्या दिवसातली तुझी जिद्द तेवढी आठवायची. विटा मी विसरूनच गेलो होतो. त्या तू स्वतः मागवून घेतल्या होत्यास, कुणी लादल्या नव्हत्या. काल म्हाताऱ्याला फोन करून सांगितलं, तिसरंच बनवून दे. तो म्हणाला, दोन आठवडे लागतील. तोवर मेपलचा एक ओंडका बाहेरून घडवून ठेवतो. पहिलं भांडं फुटेल बहुतेक, दुसरंही फुटेल, सगळ्यांचं फुटतं म्हणे. मला आनंद झालाय, आई. खूप दिवसांनी झालाय. पुढच्या वर्षी काय करेन याचा मी पुन्हा विचार करायला लागलोय.

गाडीचा आवाज आला. दोघी मायलेकी वाणसामान घेऊन आल्या वाटतं, मुलगी अजून ब्रेक कचकन मारते. हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्न नाही, तुला कळतंच. पण एक कबूल करतो. लिहायला बसलो ते तुझी आठवण आली म्हणून नव्हे. "मला काचबिंदू झालाय" हे आपल्या माणसाला सांगता येतं का, तेवढं बघायचं होतं. डॉक्टर इंग्रजीत बोलला तेव्हा तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं वाटलं होतं. आत्ता वर लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहिलं. एकदा अडखळलो, पण सांगता येईल. पिशव्या उतरवायला जातो, आणि सामान फ्रीजमध्ये जायच्या आधीच दोघींना सांगतो.