आत्याचं लग्न आणि वर अडकलेला उपग्रह

ता. ४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

उपग्रह परवा सुखरूप वर गेला. टीव्हीवर टाळ्या वाजवणारी जी मुलगी तुला मी वाटली, ती मी नव्हे. मी आतल्या खोलीत आकड्यांसमोर बसले होते. सध्या तो पृथ्वीभोवती अंड्यासारख्या लांबट फेऱ्या मारतोय. मोठं इंजिन पेटवून फेरी गोल केली की तो आपल्या जागी बसेल आणि बोटींना, ट्रकांना आणि तुझ्यासारख्या हमखास रस्ता चुकणाऱ्यांना वाट दाखवेल. मग मी सुट्टी काढून येते.

फोनवर तू म्हणालीस की एक गोष्ट कागदावरच सांगेन. तेव्हापासून रोज टपालाची वाट बघतेय. तब्येतीचं काही नाही ना?

माया आहे तशीच ठेव.
तुझी ठमी

ता. ९ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

तब्येत ठणठणीत आहे. मी लग्न करतेय. हसून झालं की पुढे वाच.

आपल्या चौकातले चष्मेवाले. वर्षभर एकच पँट आखूड करून घ्यायला माझ्या दुकानात येत होते. ती गुडघ्याला लागायची वेळ आली, तेव्हा मीच विचारलं की तुमच्या मनात नेमकं काय आहे. ते लालबुंद झाले आणि म्हणाले की दरवेळी ठरवून येतो, पण बोलायचं तेवढं राहून जातं.

या वयात लोक हसतील, हसू देत. धाकधूक आहे ती तुझी. तुझे आईबाबा गेल्यापासून घरात आपण दोघीच. तिसरं माणूस तुला चालेल का? तू नको म्हणालीस तर मी त्यांची पँट उसवून लांब करून देईन आणि विषय संपवीन. हो म्हणालीस तर महिनाअखेरीस नोंदणी. साक्षीदार तूच.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी आत्या

ता. १५ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी रडले, मग त्या पँटवर इतकी हसले की कॅन्टीनवाल्याने घाबरून पाणी आणून दिलं. खुशाल कर लग्न!

पण मला येता येणार नाही. मोठं इंजिन पेटलंच नाही. इंधनाची झडप उघडत नाही आणि ती ठोकून बघायला वर कोण जाणार? बैठकीत मी म्हटलं की दिशा सांभाळायला जी लहान इंजिनं आहेत, त्यांनीच त्याला ढकलू. तो लांबच्या टोकाला पोचला की थोडं, पुढच्या फेरीला आणखी थोडं. त्यात बरंचसं इंधन जाईल, त्याचं आयुष्य निम्मं होईल, पण तो जागेवर पोचेल. साहेबांनी विचारलं की जबाबदारी घेशील का. मी हो म्हटलं आणि तिथेच आकडेमोडीला बसले.

आता महिनोन्महिने मला इथून हलता येणार नाही. माझ्यासाठी थांबू नकोस. सही कुणाचीही चालेल.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी ठमी

ता. २० जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आशीर्वाद.

कुणाचीही चालत नाही. मी तर लग्नच पुढे ढकलायला निघाले होते. चष्मेवाल्यांनी शांतपणे सांगितलं की उपग्रह हलवायला तिला महिने लागतील, नवरानवरी एका गाडीने हलतात. तेव्हा आम्हीच येतोय. तुझ्या गावच्या कचेरीत नोंदणी करू. तू कामातून सटकून सही कर आणि परत पळ.

आणि निम्म्या आयुष्याचं मनाला लावून घेऊ नकोस. आमचं निम्म्याहून जास्त सरलंय, तरी मी त्यांच्यासाठी नवा कोट शिवतेय.

भेटीपर्यंत अंगाने जरा भर.
तुझी आत्या

ता. २ मे

ती. आत्यास व ती. आतोबांस,
शि. सा. न. वि. वि.

पोचला! काल उपग्रह आपल्या जागी बसला आणि आज त्याचा पहिला स्वच्छ संदेश आला. साहेबांनी सगळ्यांसमोर मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी ‘पोचला’ एवढंच म्हटलं आणि हसत सुटले.

तुमच्या लग्नात सही करून मी पळाले. कचेरीच्या पायरीवर मागे वळून पाहिलं, तर चष्मेवाले तुझ्या पदराला अडकलेला धागा काढत होते. तेव्हाच माझी काळजी मिटली.

सोमवारच्या गाडीने निघतेय. वरती ‘आतोबा’ लिहिताना हात अडखळला. इतकी वर्षं त्यांना नुसतं चष्मेवाले म्हटलंय. तोंडाने जमेल की नाही, देव जाणे. दोघंही स्टेशनवर या. उतरले की तुझ्याआधी त्यांनाच हाक मारून बघते.

तुम्हा दोघांची,
ठमी