समीरची चाळीस लिटरची सॅक

शुक्रवार, १२ डिसेंबर २०१४

संध्याकाळी इथे सिंगापूरात जुरोंग ईस्टच्या मॉलमध्ये समीरला सॅक निवडून दिली. माझ्या हाताखाली शिकला, आता माझाच मॅनेजर. सोमवारी जपानला स्कीइंगला चाललाय. बर्फाच्या डोंगरावर नेणाऱ्या, तारेवरच्या लिफ्टच्या खुर्चीत बसायचं तर सॅक लहान हवी, लोंबते पट्टे नकोत. पट्टा अडकला तर उतरताना माणूस लटकतो. मोठी सॅक लिफ्ट नसलेल्या डोंगरांत चढून जाणाऱ्यांची. मला सगळं माहीत होतं.

तरी म्हणालो, "चाळीस लिटरची घे, चिवडा-लाडूही मावतील."

"तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही, दादा."

तिचे लांब लोंबते पट्टे ओढून पाहिले. पक्के होते. फजितीच होईल ना, आणखी काय?

मग त्याने तसल्याच लांब पट्ट्यांची एक सोबत येणाऱ्या आठ वर्षांच्या लेकीसाठी उचलली. मी गुलाबी रंग निवडून दिला.