अड्याळची जीप

३ फेब्रुवारी १९८२

भाऊजींनी जेवताना पुन्हा अड्याळच्या जीपचं काढलं. जुनी आहे, इंजिन गेलेलं, पण पुढचा एक्सल आणि चाकं धड आहेत म्हणे. ती सामानासाठी घ्यायची, खोलायची आणि आपली उभी करायची. "वयनी, नवीन सामान घेऊन पुरनार नाई. तुमी फक्त हो म्हना." ह्यांच्या मागे जीप माझ्या नावावर झाली, म्हणून माझं हो लागतं.

आपली परसात ताडपत्रीखाली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तलावातून ओढून आणली, तेव्हापासून मी तिकडे फिरकलेले नाही.

उभी राहिली तर चालवणार भाऊजीच. ह्यांचा धाकटा भाऊ. घरात आता तेवढाच पुरुष उरला.

भात वाढला.

५ फेब्रुवारी

विहिरीवर शेजारच्या ललिताबाई — "आता कायले लपवता बाई? थोडीबहुत घेतच असतीन. नाई तं रिकाम्या पाळीवरून गाडी सरळ तलावात कायले जाईन?"

ह्यांनी जन्मात तोंडाला लावली नाही! भिंतीला भिंत लागून घर, आणि हिला ठाऊक नाही? घागर अर्धीच भरून परत आले.

पण तो प्रश्न माझाही आहे. तलावाच्या बांधाचं, पाळीवरचं ते वळण ह्यांच्या रोजच्या पायाखालचं. तिथे गाडी वळली का नाही?

७ फेब्रुवारी

भाऊजींना म्हटलं, आधी मला ती जीप पाहू द्या. हसले. "तुमाले काय समजते त्यातलं?" पण नेतो म्हणाले.

९ फेब्रुवारी

अड्याळला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहिते.

जीप मोहाच्या झाडाखाली उभी. मधुकरराव नावाचे गृहस्थ विकतात, गाडी त्यांच्या भावाची. भाऊजी बसून, वाकून, खाली शिरून पाहत होते. मी आत डोकावले. स्टिअरिंगच्या जागी नुसतं भोक. भाऊजींनी विचारलं, हे कोणी काढलं? मधुकरराव म्हणाले, "मागच्या उन्हाळ्यात सानगडीचे एक जन घेऊन गेले. उंचपुरे, हसतमुख. दोन डाव चहा मागून पेले."

दोन वेळा चहा मागणारा आमच्या सानगडीत एकच होता.

भाऊजी तेव्हा लाखनीला राईस मिलमध्ये होते, त्यांना हे माहीत नव्हतं. ह्यांनी आपल्या जीपला ते स्टिअरिंग बसवलं, तेव्हा मीही कुठून आणलं ते विचारलं नव्हतं. भाऊजी तर खूश! "दादानं पारखूनच नेलं असन. म्हंजे गाडी चांगली हाये!"

मला घरात बसवलं. मधुकररावांची वहिनी, सत्यभामाबाई, पाणी घेऊन आली. कपाळ मोकळं. माझ्यासारखंच. बाहेरचं बोलणं तिनं ऐकलं होतं. माझ्या कपाळाकडे पाहत राहिली. मग अगदी हळू —

"वळनावर अडलं ना?"

मी एक अक्षर सांगितलं नव्हतं!

तिचा नवराही तसाच गेला. सरळ रस्त्यावर काही नाही, वळणावर स्टिअरिंग एकदम जाम. गाडी बाभळीवर. नंतर फिरवून पाहिलं तर मोकळं. "मी घेनाऱ्याले सांगून देईन म्हटलं होतं. दीर म्हने, मारक्या बैलाची खोड सांगून कोनी बैल विकते का? दूरच्या बाजारात न्यायचा न् तोंड मिटून राहायचं. म्हून मी भाईर नाई आली. शेजारनीनं लावलं कुंकू."

तेव्हा आठवलं. सामान आणलं त्या दिवशी हे म्हणाले होते — घरची बाई काही बाहेर आली नाही, कुंकू दुसरीनंच लावलं. आमच्याकडे गाडीचं साधं चाकही घराबाहेर पडलं तर घरच्या बाईनं बाहेर यायचं आणि सवाष्णीनं कुंकू लावायचं असतं. मी म्हटलं होतं, अडचण असेल. दोघं हसलो होतो.

पाणी तसंच ठेवून उठले.

१० फेब्रुवारी

भाऊजींना सगळं सांगितलं. त्यांनी ताडपत्री फेकून माझ्यासमोर स्टिअरिंग फिरवलं, गरागरा. "पाहा! लोन्यावानी फिरून राह्यलं. बायकायच्या गोष्टी!" आणि वर म्हणाले, हे बदलायची गरजच नाही.

मी म्हटलं, निदान हे तरी काढून टाका. "पाडव्याले गाडी रस्त्यावर दिसन, वयनी."

म्हणजे ह्यांचा दोष नव्हता. कोणाला सांगू? ललिताबाईला?

१३ फेब्रुवारी

मी नाही म्हटलं. स्पष्ट. भाऊजी ताटावरून उठले. आपल्या वाटणीच्या धानातून ती जीप घेणार, बुधवारी जाणार. "दादाची गाडी हाये, सडू नाई देनार." डोळे भरले होते त्यांचे. भावाची हीच एक वस्तू त्यांना दिसते.

हे पाळीवर गेले. आता हा धाकटाही जाणार. मी ताट झाकून ठेवणार?

१४ फेब्रुवारी

साकोलीच्या मिस्त्रीला निरोप पाठवला. आपली जीप विकायची, आहे तशी. बुधवारीच न्या. गिऱ्हाईक लांबचं बघा.

१७ फेब्रुवारी, बुधवार

भाऊजी सकाळीच अड्याळला गेले. दुपारी बपेऱ्याचा माणूस आला, बायकोला घेऊन. पार सीमेकडून. त्याचीही जीप आहे, माणसं नेतो. त्यानं स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून पाहिलं. "बाकी भंगार. पन हे मस्त हाये, हे मी माझ्या गाडीले लावतो." मग दाराशी येऊन विचारलं, "बाई, तलावात गेली तवा गाडीत काई खोट तं नवती ना?"

ललिताबाई कुंपणाशी उभी होती, ऐकत.

मी म्हटलं — नाही. ते पिऊन होते.

कुंकू ललिताबाईनंच लावलं. मी बाहेर गेले नाही.